कोळ्यांचे ऐकले कुणी?

मासळी बाजारात माकूल मिळते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कुठे त्याला म्हाकूळ म्हणतात, कुठे माकली. साफ करताना घरातल्या आयाबहिणी त्याच्या पाठीतून प्लॅस्टिकसारखी पारदर्शक काडी ओढून काढतात. शाईची पिशवी फुटू न देता अलगद काढतात. आणि डोक्याशी, हातांच्या झुबक्याच्या बरोबर मध्ये, पोपटाच्या चोचीसारखी काळपट टणक चोच असते, तीही काढून टाकतात. या चोचीकडे पुढच्या वेळी जरा नीट बघा, अशी आमची विनंती आहे. आज जे सांगणार आहोत ते सगळे प्रकरण या चोचीवरून उलगडले.

या प्राण्याला इंग्रजीत स्क्विड म्हणतात. त्याच्याच कुळातला एक थोरला चुलता खोल महासागरात राहतो. त्याचे नाव महाकाय स्क्विड. बाजारातल्या माकुलाला जे जे असते ते सगळे त्याला असते, फक्त माप वेगळे. आठ जाड हात आणि शिवाय दोरखंडासारख्या दोन लांब सोंडा. हातांवर आणि सोंडांच्या टोकांवर वाट्यांसारखी चूषके, आणि प्रत्येक वाटीच्या काठाला करवतीसारखे दाते. पूर्ण वाढलेली मादी सोंडांच्या टोकापर्यंत धरली तर १२ ते १३ मीटर भरते, म्हणजे चाळीस फुटांच्या वर. वजन पावणेतीनशे किलोपर्यंत. नर त्या मानाने लहान. तीन हृदये, रक्त निळसर, कारण आपल्या रक्तात लोखंड आहे तसे त्याच्या रक्तात तांबे आहे. मेंदू बांगडीसारखा गोल आणि त्या बांगडीच्या भोकातून अन्ननलिका जाते. त्यामुळे मोठा घास गिळण्याची सोय नाही. चोचीने तुकडे करून, जिभेवरच्या दातांनी किसून, बारीक करूनच खावे लागते.

आणि डोळा! सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढा. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी निळा देवमासा, त्याचा डोळासुद्धा ११ सेंटिमीटरच्या आसपास. एवढा डोळा कशाला लागतो, ते पुढे सांगू.

हा प्राणी खरोखर आहे, हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण जगातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी ते मान्य करायला शेकडो वर्षे घेतली. आम्हाला आजच्या सदरात तीच हकिकत सांगायची आहे. कारण ज्यांनी हा प्राणी पहिल्यांदा पाहिला, ज्यांच्या जाळ्यात तो आला, ज्यांच्या होडीला तो भिडला, ते सगळे हातावर पोट असलेले कोळी आणि खलाशी होते.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे कोळी फार पूर्वीपासून क्राकेन नावाच्या समुद्री राक्षसाच्या गोष्टी सांगत. अशा गोष्टींत तिखटमीठ नसते असे आमचे म्हणणे नाही. पण हे तिखटमीठ वाढवले कुणी, ते बघा. बर्गेन शहराचे बिशप पोंटोपिडान यांनी १७५२-५३ साली नॉर्वेच्या निसर्गावर ग्रंथ छापला, त्यात क्राकेनचा घेर दीड मैल लिहिला. पुढे फ्रान्समध्ये डेनी द मोंफोर नावाचे निसर्गाचे अभ्यासक झाले. १८०१-०२ च्या सुमारास त्यांनी ग्रंथ काढला आणि त्यात एक राक्षसी ऑक्टोपस अख्खे शिडाचे जहाज कवेत घेतो आहे असे चित्र छापले. तेवढ्यावर थांबते तर ठीक होते. १७८२ साली दहा युद्धनौका गडप झाल्या त्याही याच राक्षसाने ओढून नेल्या, असे त्यांनी ठोकून दिले. ती जहाजे वादळात सापडली होती, हे ब्रिटिशांना पक्के माहीत होते. मोंफोर यांची पुरती बेअब्रू झाली आणि पुढे ते हलाखीत वारले. त्यांच्याबरोबर या विषयाचीही अब्रू गेली. आता कुणी खलाशी म्हणू लागला की आम्ही लांब हातांचा प्राणी पाहिला, तर ऐकणारा म्हणे, बस, आला मोंफोरचा भाऊ!

म्हणजे थाप मारली ग्रंथकाराने, आणि खोटा ठरला खलाशी.

१८५३ साली डेन्मार्कच्या किनाऱ्यावर असा एक प्राणी वाहून आला. तिथल्या लोकांनी त्याचे तुकडे करून गळाला लावायला आमिष म्हणून वापरले. त्यांना नावे ठेवू नका. समुद्राने फुकट आमिष आणून दिले तर कोणता कोळी ते वाया घालवील? पण चोच तेवढी उरली आणि ती कोपनहेगनचे प्राध्यापक यापेटस स्टीनस्ट्रुप यांच्या हाती पडली. त्यांनी ती लहान स्क्विडच्या चोचीशेजारी ठेवली. घडण तीच, वळण तेच, फक्त आकार कितीतरी मोठा. एका जहाजाच्या कप्तानाने अटलांटिक महासागरातून आणखी काही अवशेष त्यांना आणून दिले. तेव्हा १८५७ साली त्यांनी या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, आर्किट्यूथिस. स्क्विडांमधला प्रमुख, असा त्याचा अर्थ. राक्षस नाही, चमत्कार नाही. बाजारात मिळणाऱ्या प्राण्याचाच मोठा नातेवाईक. आम्हाला हे स्टीनस्ट्रुप आवडतात ते याचसाठी. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी वस्तू ओळखायची, ही साधी रीत त्यांनी वापरली.

तरी सगळ्यांना पटले असे नाही. ३० नोव्हेंबर १८६१ रोजी आलेक्तों नावाच्या फ्रेंच लढाऊ जहाजाला कॅनरी बेटांजवळ पाण्यावर तरंगणारा एक प्रचंड प्राणी दिसला. गोळ्या झाडल्या, काही परिणाम नाही. भाले फेकले, ते मऊ मांसातून सुटून आले. शेवटी दोराचा फास टाकला. तो घसरत शेपटीपर्यंत गेला आणि वर ओढताना वजनाने शेपटी तुटून तेवढी जहाजावर आली. खलाशी म्हणाले, होडी सोडा, आम्ही धरून आणतो. कप्तान बुये यांनी माणसांचा जीव धोक्यात घालायला नकार दिला, तो योग्यच होता. वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गेला. जहाजाचा कप्तान सांगतो, सगळे खलाशी साक्षीला, शिवाय शेपटीचा तुकडा. तरीही ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला नाही. असा प्राणी निसर्गाच्या नियमात बसत नाही, असे म्हणून प्रकरण बाजूला पडले. विज्ञान अकादमीला पटले नाही ते एका कादंबरीकाराने उचलले. ज्यूल व्हर्न यांनी पाणबुडीवरची आपली प्रसिद्ध कादंबरी लिहिताना या घटनेचा आधार घेतला.

आता कॅनडाच्या पूर्वेला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावर चला. थंडगार समुद्र, धुके, आणि कॉड व हेरिंग मासळीवर जगणारी गरीब वस्ती. २६ ऑक्टोबर १८७३ रोजी कन्सेप्शन बे या उपसागरात एक छोटी होडी मासेमारीला निघाली. थिओफिलस पिकॉट आणि डॅनिएल स्क्वायर्स हे दोघे कोळी, आणि त्यांच्याबरोबर टॉम पिकॉट हा बारा वर्षांचा मुलगा. पाण्यावर काहीतरी मोठे तरंगताना दिसले. फुटक्या जहाजाचा भाग असेल, उपयोगी पडेल, म्हणून त्यांनी आकडीने टोचून पाहिले. ते जिवंत निघाले. त्याने होडीवर चोच मारली आणि एक सोंड व एक हात होडीवर टाकून ओढायला सुरुवात केली. होडीत पाणी भरू लागले. तेवढ्यात कुऱ्हाडीने होडीच्या काठावरच सोंड आणि हात तोडण्यात आले. प्राण्याने काळी शाई सोडली आणि तो निघून गेला. कुऱ्हाड चालवली ती बारा वर्षांच्या टॉमने असे एका हकिकतीत आहे, दुसऱ्या हकिकतीत मोठ्या माणसाने. कुणीही असो, तीन जीव वाचले.

तोडलेला एक तुकडा किंमत कळण्याआधीच वाया गेला. उरलेली सोंड त्यांनी सेंट जॉन्स गावातल्या मोझेस हार्वे या पाद्रीबुवांकडे नेली. पाद्रीबुवांना निसर्गाच्या अभ्यासाचा नाद होता. त्यांनी ती विकत घेतली. लांबी भरली १९ फूट. तुटलेला तुकडाच एवढा! पुढे महिनाभरात जवळच्याच लॉगी बे इथे कोळ्यांच्या हेरिंगच्या जाळ्यात असाच एक प्राणी अडकला. मोठ्या झटापटीनंतर सुऱ्यांनी त्याला मारावे लागले. हार्वे यांनी तो १० डॉलरला घेतला, घरी आणला, आणि अंघोळीच्या टबावरच्या दांडीवर त्याचे डोके व हात पसरून फोटो काढून घेतला. सोंडा २४ फुटांच्या. महाकाय स्क्विडचा हा जगातला पहिला फोटो म्हणून ओळखला जातो. अंघोळीच्या दांडीवर टाकलेला तो झुबका बघताना वाळत घातलेल्या धुण्याची आठवण होते. पण या फोटोने जे काम केले ते शंभर वर्षांच्या सांगण्याने झाले नव्हते. हार्वे यांनी नमुना आणि माहिती अमेरिकेच्या येल विद्यापीठातले प्राध्यापक अॅडिसन व्हेरिल यांच्याकडे पाठवली. त्या दहाबारा वर्षांत न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर असे बरेच प्राणी लागले आणि व्हेरिल यांनी त्यांची एकामागून एक नोंद केली. प्रश्न मिटला. प्राणी आहे.

हार्वे यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. सोंड कुत्र्यांपुढे न टाकता जपायची हे त्यांना सुचले, पैसे त्यांनी खिशातून घातले, फोटोची कल्पना त्यांची. पण पुढे काय झाले तेही बघा. या प्राण्याच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी नाव दिले हार्वेयी, म्हणजे हार्वे यांची. आणि १८९९ साली हार्वे यांनी एका मासिकात लेख लिहिला. त्याचा मथळा होता, महाकाय सैतानमासा मी कसा शोधला. मी! होडी पिकॉटची, कुऱ्हाड पिकॉटची, जाळे लॉगी बेच्या कोळ्यांचे, आणि शोध लावला तो १० डॉलर मोजणाऱ्याने. अर्थात त्या कोळ्यांची नावे आज आपल्याला कळतात तीही हार्वे यांच्या लिखाणामुळेच, एवढे मान्य केले पाहिजे.

कोळ्यांच्या बाजूने बोलताना आम्ही डोळे मिटून बोलत नाही, हे दाखवायला एक उदाहरण देतो. २ नोव्हेंबर १८७८ रोजी न्यूफाउंडलंडच्याच थिंबल टिकल इथे तीन कोळ्यांनी उथळ पाण्यात अडकलेल्या स्क्विडला नांगर अडकवून दोर झाडाला बांधला. ओहोटी आली आणि तो मेला. लांबी सांगितली गेली ५५ फूट, धड २० आणि सोंड ३५. नंतर त्याचे तुकडे करून कुत्र्यांना घातले. हा आकडा कितीतरी वर्षे पुस्तकापुस्तकांतून छापला जात होता. पण या सोंडा रबरासारख्या ताणल्या जातात. टेप कुठून कुठपर्यंत धरली, सोंड सैल होती की ताणलेली, काही नोंद नाही. नमुना तर कुत्र्यांनी खाल्लेला. आमची सगळी नोकरी कारकुनीत चालली आहे. असे बिल टेबलावर आले तर आम्ही ते पावती जोडा असा शेरा मारून परत पाठवू. आजवर नीट मोजलेल्या नमुन्यांपैकी एकही ५५ फुटांच्या जवळ जात नाही.

पुरावा मागण्यात काहीच गैर नाही. मात्र तो सगळ्यांकडे सारखा मागावा. बिशपचा दीड मैल विनापावती छापला गेला आणि खलाशांची शेपटी हातात असून नामंजूर झाली, एवढेच आमचे गाऱ्हाणे.

एवढा मोठा प्राणी इतके दिवस कुणाला जिवंत कसा सापडला नाही, याचे कारण त्याच्या घरात आहे. तो साधारणपणे ३०० ते १००० मीटर खोल पाण्यात राहतो. ९०० मीटर म्हणजे एकावर एक बारा कुतुबमिनार. तिथे सूर्यप्रकाश जवळजवळ पोचत नाही, आणि पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ९० किलोच्या घरात. मेल्यावर मात्र तो वर येतो. त्याच्या मांसात अमोनियम क्लोराइड भरलेले असते, ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके. जिवंतपणी त्याच्या आधाराने तो फारशी ताकद न लावता पाण्यात लटकून राहू शकतो. याच द्रावामुळे त्याच्या मांसाला अमोनियाची उग्र चव आणि वास असतो. तेव्हा एवढे मोठे माकूल मिळाले तर किती जणांचे जेवण होईल, असा हिशेब कुणी करत असेल तर सोडून द्यावा. कढईत घालण्यासारखी ही वस्तू नाही.

माणसाला न चालणारे हे मांस स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाला मात्र चालते. देवमाशाची शिकार करणाऱ्या खलाशांना त्याच्या पोटात या स्क्विडच्या न पचलेल्या चोची सापडत आणि त्याच्या कातडीवर चूषकांचे गोल वण दिसत. आता त्या ताटाएवढ्या डोळ्याकडे येऊ. खोल पाण्यात असंख्य बारीक जीव असतात आणि धक्का लागला की ते चमकतात. एवढा मोठा देवमासा पोहत येतो तेव्हा त्याच्याभोवती अशी अंधुक प्रभा उमटते. २०१२ साली काही शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, २७ सेंटिमीटरच्या डोळ्याला ती प्रभा १२० मीटरवरून दिसू शकते. भक्ष्य शोधायला एवढा डोळा लागत नाही. मरण कुठून येते आहे ते वेळीच दिसावे म्हणून तो लागतो, असा त्यांचा तर्क आहे.

जपानचे शास्त्रज्ञ त्सुनेमी कुबोदेरा यांनी हे नाते उलटे वापरले. स्क्विड शोधायचा तर त्याला खाणाऱ्याच्या मागे जा. टोकियोच्या दक्षिणेला ओगासावारा बेटांजवळ स्पर्म व्हेल ठराविक महिन्यांत जमतात. तिथेच कुबोदेरा आणि त्यांचे सहकारी क्योइची मोरी यांनी लांब दोरीला कॅमेरा, दिवा आणि आमिष बांधून खोल सोडायला सुरुवात केली. आमिष म्हणजे लहान स्क्विड आणि ठेचलेली कोळंबी. गळ टाकण्याचीच ही विद्या, फक्त जोडीला कॅमेरा. ३० सप्टेंबर २००४ रोजी ९०० मीटर खोलीवर महाकाय स्क्विड आमिषावर आला आणि त्याची सोंड गळात अडकली. चार तासांहून अधिक वेळ तो सुटायची धडपड करत होता आणि कॅमेरा दर ३० सेकंदांनी फोटो घेत होता. पाचशेवर फोटो निघाले. शेवटी सोंड तुटली आणि तो सुटला. साडेपाच मीटरची ती सोंड बोटीवर ओढली तेव्हाही तिची चूषके बोटांना चिकटत होती. १८७३ साली पिकॉटच्या होडीत पडली तशीच ही सोंड. या वेळी मात्र सोबत फोटो होते, वेळ आणि खोली लिहिलेली होती.

त्याच्या खोल पाण्यातल्या घरातला हलता चित्रपट मिळायला २०१२ साल उजाडले. अमेरिकेच्या एडिथ विडर यांनी विचार केला की आपल्या पाणबुड्या प्रखर दिवे लावून खडखडाट करत जातात, मग ताटाएवढे डोळे असलेला प्राणी थांबेल कशाला? त्यांनी आवाज न करणारा कॅमेरा बनवला आणि खोल पाण्यातल्या बहुतेक जीवांना न दिसणारा तांबडा प्रकाश वापरला. आमिष म्हणून जेलीफिशसारखा चमकणारा निळा दिवा लावला. खरी जेलीफिश कुणी पकडली की चोर चोर म्हणून ओरडावे तशी चमचम करते, म्हणजे तिच्या शत्रूला खाणारा मोठा प्राणी धावून यावा. तो मोठा प्राणी आला. त्याच मोहिमेत कुबोदेरा यांनी पाणबुडीत बसून जिवंत महाकाय स्क्विड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. जानेवारी २०१३ मध्ये ही दृश्ये जपान आणि अमेरिकेच्या टीव्हीवर दाखवली गेली. त्यानंतर जून २०१९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातही विडर यांच्या पथकाला तो पुन्हा टिपता आला.

हार्वे यांच्या नावाचे काय झाले, तेही सांगायला हवे. शास्त्रज्ञांनी जगभरच्या तुकड्यांवरून या प्राण्याच्या वीसेक जाती मोजल्या होत्या. २०१३ साली ठिकठिकाणच्या ४३ नमुन्यांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. जपानपासून अटलांटिकपर्यंत सगळे नमुने एकाच जातीचे निघाले, आर्किट्यूथिस ड्युक्स. बाकीची नावे निकामी झाली, त्यात हार्वेयीही गेली.

याहून वजनदार एक स्क्विड दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात आहे. लांबीला थोडा कमी, पण जाडजूड, आणि त्याच्या चूषकांबरोबर आकड्यासुद्धा असतात. त्याला १९२५ साली नाव मिळाले ते स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या हातांच्या तुकड्यांवरून. २००७ साली न्यूझीलंडच्या मच्छिमारांनी रॉस समुद्रात गळ ओढला तेव्हा गळावरचा मासा खात असलेला हा प्राणीही वर आला. त्यांनी तो तोडून फेकून दिला नाही, गोठवून बंदरात आणला. वजन भरले ४९५ किलो. तो आज वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात ठेवलेला आहे. जिवंत असताना त्याला त्याच्या समुद्रात टिपले ते मार्च २०२५ मध्ये, साऊथ सँडविच बेटांजवळ, ६०० मीटर खोलीवर. दिसले ते पिल्लू होते, एक फूट लांबीचे, काचेसारखे पारदर्शक.